ऑफिसला दर पावसाळ्यात बुरशी येते, अँटीफंगल पेंट दोनदा मारून झाला, आता काय करू?

प्रश्न विचारणाऱ्यांनी जे लिहिलंय ते थोडक्यात आधी सांगतो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. ठाण्यात घोडबंदर रोडला तिसऱ्या मजल्यावर १८०० स्क्वेअर फुटाचं ऑफिस, पश्चिमेला भिंत आणि खिडक्या, आत चार कॅसेट एसी (सीलिंगमध्ये बसवलेले) प्रत्येकी ३ टनाचे. जुलै आला की पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या फाइलच्या कपाटामागे बुरशी, एसीच्या ग्रिलभोवती काळे ठिपके, फॉल्स सीलिंगच्या दोन टाइलवर पिवळी वर्तुळं, आणि यंदा तर हॉलच्या मधल्या खुर्च्यांच्या कापडावर पांढुरका थर. दोन वर्षं दिवाळीत अँटीफंगल पेंट मारला. बिल्डिंगवाले म्हणतात तुमचा एसीचा प्रॉब्लेम, एसीवाला म्हणतो भिंत गळते, आणि एक फॉगिंगवाला (औषधाचा धूर मारणारा) चाळीस हजार मागतोय. देऊ का?

नका देऊ. निदान आत्ता तरी नका देऊ.

मी बावीस वर्षं हेच करतोय, आधी एसी सर्व्हिसला होतो, वागळे इस्टेटमध्ये स्पॅनर घेऊन फिरायचो, आता बिल्डिंगांच्या मेंटेनन्सचं बघतो. बुरशीसाठी ज्यांचा फोन येतो ते दहातले आठ जण हेच विचारतात की कुठला पेंट मारू, कुठलं केमिकल मारू. पण बुरशीचे कण हवेत कायम असतातच, तुमच्याकडेही आहेत माझ्याकडेही आहेत, खायला कागद, कापड, प्लाय, जिप्समबोर्डवरचा कागद, साधी धूळसुद्धा चालते, आणि ऑफिसात हे सगळं असणारच. राहिलं काय तर पाणी. पाणी तोडलं की ती थांबते, आणि नाही तोडलं तर पेंटमधलं औषध एकदोन पावसाळ्यांत धुऊन जातं, वर धूळ बसते आणि धुळीवर नवी बुरशी उगवते. तुमच्या पेंटरने काही फसवलेलं नाहीये, त्याला सांगितलं तेवढं काम त्याने केलं.

आता तुमच्याच वर्णनातून बघा, मला तरी त्यात तीन वेगवेगळी पाणी दिसतायत. हॉलच्या मधल्या खुर्च्यांवर थर आलाय, तिथे ना भिंत आहे ना पाईप, म्हणजे ते पाणी हवेतनंच आलंय. सीलिंगच्या टाइलवर पिवळी वर्तुळं, ती बहुतेक वरच्या ड्रेन पाईपला, म्हणजे एसीचं पाणी बाहेर नेणाऱ्या पाईपला, घाम सुटतोय त्याची. आणि कपाटामागची बुरशी फक्त पश्चिमेच्या भिंतीला आहे, बाकीच्या भिंतींच्या कपाटामागे नाही असं तुम्ही लिहिलंय, तर तिथे पावसाचं झिरपणं बहुतेक आहे. म्हणजे बिल्डिंगवाले पण बरोबर आणि एसीवाला पण बरोबर, दोघंही आपापला अर्धा भाग लपवून बोलतायत एवढंच.

मोठा भाग हवेचा आहे, त्यामुळे तो आधी घेतो. जुलैत ठाण्यात बाहेरची हवा साधारण ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता धरली तर एका क्युबिक मीटर हवेत २४ ग्रॅम पाणी असतं. तुमचं ऑफिस २४ अंश आणि ५५ टक्क्यांवर असेल तर त्यात १२ ग्रॅम. म्हणजे बाहेरून आत येणारा प्रत्येक क्युबिक मीटर १२ ग्रॅम जास्तीचं पाणी घेऊन येतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पँट्री आणि टॉयलेटचे एक्झॉस्ट मिळून तासाला पाचशे क्युबिक मीटर हवा बाहेर फेकत असतील, तर तेवढीच हवा दारं, खिडक्यांच्या फटी, सीलिंगच्या वरची भोकं इथून आत येणार, आणि तिच्याबरोबर तासाला ६ लिटर पाणी. दहा तासांत ६० लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन जार तुम्ही रोज ऑफिसात फवारताय असं समजा. आणि ते एक्झॉस्ट रात्रभर चालू राहात असतील, जे बऱ्याच ऑफिसांत राहतात कारण बटण कुणाचं तेच ठरलेलं नसतं, तर रात्री एसी बंद असताना हे पाणी काढणारं कोणीच नाही.

दुसरी गोष्ट, जास्त थंड म्हणजे जास्त कोरडं हा समज. तुम्ही लिहिलंय की चिकचिक होते म्हणून लोक रिमोट १८ वर लावतात. एसी गाडीतून पावसाळ्यात खाली उतरलं की चष्म्यावर वाफ येते ना, तेच तुमच्या ऑफिसचं संध्याकाळी होतं. दिवसभर टेबलं, खुर्च्या, पार्टिशन सगळं २०-२१ अंशांपर्यंत गार केलेलं. सात वाजता एसी बंद. मग हाउसकीपिंगच्या मावशी येतात, लादी पुसतात, आणि लवकर वाळावी म्हणून खिडक्या उघडतात. बाहेर २८ अंश, ८५ टक्के, अशा हवेचं पाणी २५ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावर सुटायला लागतं, तुमचं फर्निचर त्याहून गार आहे. म्हणजे दोनतीन तास सगळ्या ऑफिसला बारीक घाम. मावशींची यात काहीच चूक नाही, आपल्याकडे खिडक्या उघडून हवा खेळती ठेवा हेच लहानपणापासून शिकवलंय, आणि पंख्याच्या घरात ते बरोबरही आहे. पण ज्या जागेला दिवसा एसी आहे तिथे पावसाळ्यात संध्याकाळी खिडकी उघडणं म्हणजे दुखणं घरात घेणं. लादी पुसायची ती एसी बंद करायच्या आधी तासभर, ओलसर पोछ्याने.

तिसरी, आणि ही मला स्वतःला महागात पडलेली. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका दवाखान्याने विचारलं की थंड होत नाही, बुरशी पण येते, मी म्हटलं टनेज कमी पडतंय, मोठा एसी लावा. लावला. खोली पाच मिनिटांत गार व्हायला लागली आणि बुरशी दुप्पट झाली. डॉक्टरबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. झालं काय होतं, तर एसी हवेतलं पाणी काढतो ते कॉइल (एसीच्या आतल्या गार होणाऱ्या नळ्या) गार राहून बराच वेळ चालला तर. मोठा एसी झटकन टेंपरेचर गाठतो, कॉम्प्रेसर बंद, आणि पंखा मात्र चालूच, मग कॉइलवर जमलेलं पाणी टपकायच्या आधीच परत हवेत उडतं. तुमच्याकडे १२ टन आहेत, ते तीसेक माणसं आणि पश्चिमेचं ऊन धरून कुणीतरी काढलेलं असणार, ते एप्रिलला बरोबर आहे. पण तुम्हीच लिहिलंय की आता निम्मे लोक घरून काम करतात, आणि जुलैत ऊनही नाही. म्हणजे पावसाळ्यात तुमचा एसी गरजेपेक्षा बराच मोठा झालाय, मशीन तेच आहे तरी.

याची टेस्ट फुकट आहे. कॅसेटचा ड्रेन जिथे बाहेर पडतो तिथे बादली लावा, दुपारी एक तास, आणि पाणी मोजा. चांगला चाललेला ३ टनी जुलैत तासाला काही लिटर पाणी टाकतो, बादलीत ठणठणीत आवाज येत राहायला हवा. तळ जेमतेम ओला झाला असेल तर एसी नुसती हवा गार करतोय, वाळवत नाहीये. (किंवा ड्रेन तुंबलाय आणि पाणी ट्रेमध्ये साठतंय, तेही याच वेळी कळेल.)

उपाय काय, तर हॉल मोकळा असेल तर पावसाळ्यात चारपैकी एक कॅसेट सरळ बंद ठेवा, म्हणजे उरलेल्या तीन जास्त वेळ चालतील. कुठल्या कोपऱ्यात उकडायला लागलं तर बंद कॅसेट बदलून बघा. सेटिंग २४ किंवा २५, पंखा लो वर, किंवा ड्राय मोड (त्यात एसीचा भर हवा वाळवण्यावर असतो). पंखा लो ठेवला की कॉइल जास्त गार राहते आणि पाणी जास्त निघतं. आणि सर्व्हिसवाल्याला विचारा की कॉम्प्रेसर कटऑफ झाल्यावर इनडोअरचा पंखा थांबवायची सेटिंग तुमच्या मॉडेलला आहे का, बऱ्याच कमर्शियल मशिनमध्ये असते पण कोणी हात लावत नाही. स्टाफ पहिले दोन दिवस तक्रार करेल की २४ ला गार नाही वाटत. हवा कोरडी झाली की २४ चांगलं गार वाटतं, पण तो धीर त्यांना धरायला लावणं हे तुमचं काम, ते मला नाही जमणार.

हे सगळं करण्याआधी एक डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता दाखवणारा मीटर) घ्या, काही शे रुपयांत मिळतो, शक्य असेल तर दोन. एक हॉलमध्ये, एक पश्चिमेच्या कपाटामागे सरकवून ठेवा. आकडे सकाळी एसी लावायच्या आधी, दुपारी तीनला आणि संध्याकाळी निघताना लिहा. सोमवार सकाळचा आकडा सगळ्यात बोलका असतो, कारण शनिवार रविवार जागा बंद असते. अमेरिकेची ईपीए, म्हणजे तिथली सरकारी पर्यावरण संस्था, म्हणते ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, जमलं तर ३० ते ५०. जुलैतल्या ठाण्यात ५० चं सोडून द्या, वीजबिलाने कंबरडं मोडेल, दिवसा ५५ ते ६० मिळालं तरी पुष्कळ झालं. सोमवारी सकाळी ७५-८० दिसत असेल तर तुमची बुरशी वीकेंडला वाढतेय हे नक्की. २०२० मध्ये लॉकडाऊननंतर मी जी ऑफिसं उघडली ना, त्यात हे फार मोठ्या प्रमाणात बघितलं. पूर्ण बंद एसी, पूर्ण बंद खिडक्या, आणि आतल्या लेदरच्या खुर्च्या हिरव्या, लॅपटॉपच्या बॅगा हिरव्या, कॉन्फरन्स टेबलाच्या खालची प्लायची कड सुद्धा हिरवी. गळती कुठेच नव्हती.

वीकेंडसाठी दोन रस्ते आहेत. एक तर दोन कॅसेट टायमरवर, सकाळी दोन तास आणि रात्री दोन तास ड्राय मोडमध्ये. नाहीतर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं मशीन, त्याचा पाईप थेट ड्रेनला सोडून, ५८-६० वर सेट करून. टाकीवाला घेऊ नका, टाकी भरली की मशीन बंद, आणि रविवारी टाकी ओतायला कोण येणार. घेताना बघा की दिवसाला अमुक लिटर हा आकडा ३० अंश ८० टक्क्यांवरचा असतो, तुमची हवा ६० टक्क्यांवर आली की तेच मशीन बरंच कमी पाणी काढतं, त्यामुळे एक साइज मोठं घ्या. आणि एक्झॉस्ट टायमरवर टाका, रात्री बंद. पूर्ण बंद दिवसभर नको, टॉयलेटला लागतोच.

आता सीलिंग. त्या पिवळ्या वर्तुळाची टाइल उचला आणि मोबाइलचा टॉर्च मारून वर बघा. नव्याण्णव टक्के तिथे ड्रेनचा उघडा पीव्हीसी पाईप दिसेल नाहीतर कॉपर पाईपच्या जॉइंटला इन्सुलेशन फाटलेलं. गार पाईपला दमट हवा लागली की घाम सुटतो आणि थेंब थेंब टाइलवर. ड्रेनच्या पाईपला पण इन्सुलेशन लागतं हे बरेच फिटर मानतच नाहीत, म्हणतात त्यात काय नुसतं पाणी तर आहे. अहो पण गार पाणी आहे! नायट्राइल रबरचं इन्सुलेशन, ड्रेनला पूर्ण लांबीत, आणि जॉइंट चिकटवून टेप मारलेले, नुसते अडकवलेले नकोत, फट राहिली तर त्या फटीतच घाम सुटणार. ड्रेनला उतार आहे ना तेही बघून घ्या. डागाळलेल्या टाइल फेका, त्या पुसून वापरू नका.

ग्रिलभोवतीचे काळे ठिपके आधी बोटाने पुसून बघा, काजळीसारखी सुकी धूळ असेल तर ते बुरशी असेलच असं नाही, गार हवेच्या झोताबरोबर धूळ तिथे चिकटते. चिकट आणि कुबट वास असेल तर बुरशी. मग कॉइल, ट्रे आणि ब्लोअर नीट धुऊन घ्या, नुसती जाळी धुणं म्हणजे सर्व्हिस नव्हे.

राहिली पश्चिमेची भिंत. आपला पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो, त्यामुळे कोकणपट्टीत दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती सगळ्यात जास्त मार खातात. आधी ही टेस्ट करा: कपाट सरकवून भिंतीच्या कोरड्या दिसणाऱ्या भागावर दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला जमलं तर खोलीची हवा. भिंतीवर पांढरा फुलोरा असेल तर त्यावर पाण्याचा थेंब टाका, विरघळला तर तो क्षार आहे, म्हणजे लोणा, बुरशी नाही, पण त्याचाही अर्थ तोच की भिंतीतून पाणी चाललंय. याचे फोटो तारखेसकट काढून ठेवा, बिल्डिंगवाल्यांशी बोलताना माझ्या उत्तरापेक्षा ते जास्त उपयोगी पडतील.

बिल्डिंगच्या मागे लागण्याआधी मात्र तुमच्या अॅल्युमिनियमच्या स्लाइडिंग खिडक्यांचा खालचा ट्रॅक बघा. त्याला बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात पाणी जायला. ती धुळीने बुजतात, आणि कित्येकदा गळती थांबवायला म्हणून कुणीतरी त्यांच्यावरच सिलिकॉन मारून ठेवलेलं असतं! मग ट्रॅक भरतो आणि पाणी आत भिंतीत उतरतं. मी अशी एक केस बघितलीये की बाहेरून प्लास्टरचं लाखांचं कोटेशन घेऊन झालं होतं आणि शेवटी काम निघालं स्क्रूड्रायव्हरने भोकं मोकळी करण्याचं. तुमच्याकडे तेवढंच निघेल असं म्हणत नाही, बाहेरच्या प्लास्टरला तडे असतील, छज्जाचा उतार आत असेल, फ्रेमभोवतीचं सीलंट वाळून सुटलं असेल, ते बाहेरून बघितल्याशिवाय कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण बाहेरचं खरं काम पावसात होत नाही, ऑक्टोबरनंतर करा, आणि आतला पेंट लगेच मारू नका. भिजलेली विटांची भिंत सुकायला महिने लागतात, पूर्ण हिवाळा जाऊ द्या. दिवाळीत पेंट मारायची तुमची घाई हे पेंट न टिकण्याचं अर्धं कारण आहे, ओली भिंत बंद करून टाकली की ती पोपडे काढणारच. विनाइल वॉलपेपर आणि प्लायचं पॅनेलिंग त्या भिंतीला तर चुकूनही नको. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे, खाली पाय, मागून हवा फिरली पाहिजे.

साफसफाई शेवटी, पाण्याचं बघून झाल्यावर. तीन फूट बाय तीन फुटापर्यंत असेल तर स्वतः करायला हरकत नाही, एन९५ मास्क, हातमोजे, एसी आणि पंखा बंद. सनमायका, काच, मेटल साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करा. खुर्च्यांचं कापड हेपा फिल्टरच्या (बारीक कण अडवणाऱ्या) व्हॅक्यूमने, तरी वास राहिला तर कव्हर बदला. कोरड्या कापडाने झटकू नका, सगळ्या ऑफिसभर पसरेल. ब्लीच सगळे सुचवतील, पण प्लास्टर आणि लाकडावर ते वरचा रंग घालवतं, आतली मुळं तशीच राहतात, आणि टॉयलेटच्या अॅसिडबरोबर मिसळलं तर क्लोरिन वायू होतो, हे मावशींना स्पष्ट सांगून ठेवा. कुणाला दमा असेल तर त्या दिवशी त्यांना सुट्टी द्या. फाइली ओल्या असतील तर पहिल्या एकदोन दिवसांत सुकवा, त्यानंतर बुरशी धरतेच. लॅबमध्ये बुरशीची जात तपासायची गरज नाही, अॅस्परजिलस निघाली काय नि क्लॅडोस्पोरियम निघाली काय, पाणीच बंद करायचंय.

हे सगळं तुमच्या जागेला. नागपूरकडचे कोणी वाचत असतील तर तिकडे उलटं असतं, मे महिन्यात कूलर ठीक, पण पाऊस पडल्यावरही कूलर चालू ठेवला तर ती पाणी फवारायचीच मशीन होते. भिवंडीकडच्या गोडाऊनला एसीच नसतो, तिथे जूनच्या पहिल्या दमट हवेत गार कोब्यालाच घाम सुटतो आणि खालचे खोके जातात, त्यांना पॅलेट आणि सकाळी शटर उशिरा उघडणं हा उपाय. आणि मोठी सेंट्रल एसीची बिल्डिंग असेल तर बाहेरची हवा आधी वेगळ्या युनिटमध्ये वाळवूनच आत सोडायची असते, ते डिझाइनचं काम आहे, एसी सर्व्हिसवाल्याकडून होणार नाही.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: या आठवड्यात हायग्रोमीटर, बादली, प्लास्टिकचा तुकडा, आणि ट्रॅकची भोकं. खर्च हजार रुपयांच्या आत. पुढच्या आठवड्यात एक कॅसेट बंद, २४ ची सेटिंग, संध्याकाळच्या खिडक्या बंद, एक्झॉस्टचा टायमर. त्यानंतर इन्सुलेशन. डीह्युमिडिफायर घ्यायचा की नाही ते तीन सोमवारचे सकाळचे आकडे बघून ठरवू, ते इथेच टाका, आणि बादलीत किती पाणी आलं तेही. फॉगिंगवाल्याला सांगा दसऱ्यानंतर फोन कर.